मंगळवार-शुक्रवारचं शून्य

मोन्तेविदेओ, १४ जून १९९३

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

खुब्याचं ऑपरेशन होऊन तुम्ही साल्तोला नेलिदाआत्याकडे गेलात आणि इथे घर ओकंबोकं झालं. आई म्हणते, ओरडायला कुणी उरलं नाही म्हणून करमत नाही.

एक चांगली बातमी आहे. आमच्या समाजशास्त्राच्या बाईंनी मला काम मिळवून दिलंय. शहरात कोण, कुठे, काय खेळतं, हे पालिकेला हवं आहे. चार आठवडे आपल्याच चौकात बसायचं आणि दर तासाला मोजायचं: फुटबॉल किती, धावणारे किती, बाया किती, पुरुष किती, वयं काय. शेवटच्या रकान्यात तुमचं ते लाकडी गोळे टाकायचं बोचासही आहे. आज सकाळी बोचासच्या मैदानावर एक कुत्रं झोपलेलं होतं. त्याला कुठल्या वयोगटात घालू?

पाय जपा. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची रोसीना

साल्तो, २१ जून

चि. रोसीनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नेलिदाने इथल्या अर्ध्या गल्लीला वाचून दाखवलं. नात मोजणार आणि पालिका ऐकणार, हे सांगताना माझी छाती फुगली होती, ती इथल्या डॉक्टरांनाही दिसली.

अगं वेडे, सकाळी बोचास कोण खेळतं? लाकडी गोळे जूनच्या थंडीत बोटांना धरवत नाहीत. आमची मंडळी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला जमतात आणि पाचपर्यंत खेळतात. एल्बिओ, वॉशिंग्टन आणि आणखी सहाजण. तू येणार आहेस असं एल्बिओला मी कळवलं आहे. मार्चमध्ये त्याची बायको गेली. आठवड्यात त्या दोनच दिवशी तो दाढी करतो. त्याची विचारपूस कर. मोजताना त्याच्या पोटाचा वेगळा आकडा धर.

नेलिदाचे आशीर्वाद. आठवण ठेवावी.
तुझा आजोबा

मोन्तेविदेओ, १८ जुलै

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. मोजणी संपली, तक्ते दिले, बाई खूश आहेत. पहिल्या कमाईतून मी पॅडलची बॅट घेतली. भिंतींवर चेंडू आपटत खेळायचा तो नवा खेळ हो, इथे सगळ्यांना त्याचं वेड लागलंय. एल्बिओकाका मजेत आहेत, तुमचा निरोप सांगितला. थंडी फार आहे. बाकी विशेष काही नाही.

माया असू द्यावी.
रोसीना

साल्तो, १० सप्टेंबर

चि. रोसीनास,
आशीर्वाद.

काल एल्बिओचं पत्र आलं. अक्षर इतकं थरथरलेलं की नेलिदाला चष्मा दोनदा पुसावा लागला. सोमवारी चौकातलं आमचं बोचासचं मैदान खणून काढलं. तिथे पॅडलचं मैदान होणार म्हणे. एल्बिओ पालिकेच्या कचेरीत गेला, तर तिथल्या माणसाने कागद दाखवला. चार आठवड्यांत बोचास खेळणारे: शून्य. एल्बिओ लिहितो, आम्ही आठजण आठही दिवस हजर होतो, अन्सेल्मो. एकदा तर गारठ्याने वॉशिंग्टनचे ओठ निळे पडले, तरी आम्ही घरी गेलो नाही.

तुझ्याबद्दल मात्र त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

कचेरीत कुणीतरी तुझ्या आकड्यांचा घोळ घातला आहे, दुसरं काय! तू जा आणि तुझे खरे तक्ते त्यांच्या तोंडावर ठेव. रोसीना हे निस्तरेल असं मी एल्बिओला कळवून टाकलं आहे.

वाट पाहतो.
तुझा आजोबा

मोन्तेविदेओ, १६ सप्टेंबर

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

घोळ कचेरीने घातला नाही. ते शून्य माझं आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी चौकात नव्हतेच. वर्गातल्या मुली त्याच वेळी पॅडल खेळायला जात. भाड्याने मैदान मिळायचं ते तेव्हाच. मीही जायचे. दुपारचे तक्ते मी आधीच कॅफेत बसून भरायचे. फुटबॉलचे आकडे सकाळचे बघून थोडे वाढवायचे. बोचासला शून्य लिहायचे, कारण शून्य लिहिलं की वय, बाई-पुरुष, किती वेळ, हे पुढचे रकाने भरावे लागत नाहीत.

तुमचं पत्र आलं तेव्हा दोन आठवडे उरले होते, आजोबा. तीनची वेळ तुम्ही लिहिली होती. मी वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. आता आकडे लिहिले तर आधीचं शून्य खोटं दिसेल, असं वाटलं. तुमचा निरोपही मी सांगितला नाही. एल्बिओकाकांना भेटलेच नाही.

खोदकाम सुरू झाल्यापासून मी लांबच्या रस्त्याने घरी येते. आईला अजून सांगितलेलं नाही. माया ठेवा असं लिहायला हात धजत नाही.
रोसीना

साल्तो, २२ सप्टेंबर

रोसीना,

पत्र पोचलं. नेलिदाला मी ते वाचू दिलं नाही. पोस्टमन आला की गल्लीतले लोक तुझी खबर विचारतात, मी खोकल्याचं निमित्त करून आत जातो. या वयात तू मला खोकायला लावलंस.

मला सांगून काही उपयोग नाही. जिथे सांगायचं तिथे जा. आधी कचेरी आणि मग एल्बिओ. एल्बिओला पत्र लिहायचं नाही, तोंडाने सांगायचं.

आजोबा

मोन्तेविदेओ, २ ऑक्टोबर

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

दोन्हीकडे जाऊन आले.

कचेरीतल्या बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, शून्याऐवजी आठ लिहिले असतेस तरी पॅडल मागणाऱ्यांच्या सह्या तीनशेवर आहेत, कदाचित हेच झालं असतं. पण आठ लिहिले असते तर त्या आठजणांना आम्ही आधी बोलावून विचारलं असतं. आता भिंतींचा पाया भरलाय. माझं नाव त्यांनी मोजणी करणाऱ्यांच्या यादीतून काढलं. आमच्या बाईंनाही मीच सांगितलं.

काल शुक्रवार होता. तीनला चौकात गेले. आठहीजण अजून येतात, आजोबा. खोदलेल्या जागेशेजारी बाकांवर बसतात. एल्बिओकाकांची दाढी केलेली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पॅडलचंही.

त्यांनी विचारलं, म्हणजे तू आलीच नव्हतीस? एकदाही? मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, झाडामागून बघूनही गेली नव्हतीस? मी नाही म्हटलं.

तेव्हा कळलं. तुम्ही कळवल्यापासून ते सगळे इस्त्रीचे शर्ट घालून येत होते. कचेरीत तो कागद वाचल्यावर एल्बिओकाकांना वाटलं की अन्सेल्मोची नात आली, तिने लांबून पाहिलं, आणि हे म्हातारे खेळत नाहीत, नुसते उभे आहेत, असं समजून शून्य लिहून गेली. खरंच आपण तसेच दिसत असू, असं वाटून ते महिनाभर हे मनात घेऊन बसले होते. मित्रांनाही बोलले नव्हते. माझं नाव तुम्हाला लिहिलं नाही, ते म्हणूनच.

मी वाट बघत होते की आता रागावतील. आजोबा, ते हसले. डोळे पुसत हसले. आणि मागे वळून बाकावरच्या साऱ्यांना मोठ्याने सांगू लागले की अरे, पोरगी आलीच नव्हती! तिने आपल्याला बघितलंच नव्हतं!

सगळे हसत होते, आणि वॉशिंग्टनकाका सरकून मला बसायला जागा करून देत होते.

तुमची
रोसीना