भिंतीतली खिडकी

मंगळवार, पुसद. संध्याकाळ.

दिग्रसच्या काकूंना आज त्यांच्या जुन्या घरातल्या बेडरूमच्या नव्या सजावटीचं, मी बनवलेलं चित्र लॅपटॉपवर दाखवलं. खोली अंधारी वाटत होती. मऊ उजेड यावा म्हणून मी पूर्वेच्या भिंतीत मनानेच एक खिडकी टाकली होती. काकूंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"इथं खिडकी होती, हे तुले कोनं सांगतलं?"

कुणीच नाही. तिथे सपाट भिंत आहे, मीच मापं घेतली.

"माही नणंद तिथंच बसे. ती वारली अन् मामंजीनं विटा लावल्या. तरी खिडकीची कडी वाजेच."

"काढून टाकू का?"

त्यांनी बोट त्या उजेडावरून फिरवलं.

"राहू दे. पन बंद दाखव."

घरी येऊन चित्रातली खिडकी बंद केली. तरी खोलीत उजेड तेवढाच आहे. चित्रात दुसरा एकही दिवा मी लावलेला नाही. काकूंना हे पाठवू कसं?