न खेळता मोजलेले विजय

सोमवार, त्सुकुबा (जपान)

जेवणाच्या सुट्टीत मी अमेरिकन फुटबॉलमधील दोन थोर क्वार्टरबॅकांच्या, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूंच्या, बाद फेरीतील विजयांचा तक्ता सर्वांपुढे मांडला. सहकारी मोरी-सान यांचा आवडता खेळाडू मागे पडला. "तुमचं प्रेम आकड्यांत बसत नाही हो," असे म्हणून मी सर्वांना हसवलेही. ते एवढेच म्हणाले, "तक्ता जरा पाहायला नेऊ का?"

संध्याकाळी तो तक्ता माझ्या मेजावर पालथा ठेवलेला होता. माझ्या खेळाडूच्या संघाला पहिल्या फेरीत न खेळताच मिळालेली पुढे चाल मी दर वेळी विजय म्हणून मोजली होती. तिथे पेन्सिलीची बारीक खूण. ती पुढे चाल वगळली, तर त्यांचाच खेळाडू पुढे. खूण इतकी बारीक का? माझी लाज राखण्यासाठीच ना?

उद्या सर्वांपुढे चूक कबूल करायला हवी. करीन? निघण्यापूर्वी ती खूण मी रबराने खोडून आलो आहे.