एसके कॉलममधलं शून्य

प्रिय यशदीप,

जय भीम. वरचं ‘प्रिय’ हाताच्या सवयीनं उमटलंय, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेलला एका ओळीचं उत्तर दिलंस, की तेव्हा डॉक्युमेंटेशन कुणी मागितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टानं. सही करून घ्यावंच लागेल तुला.

आपलं हॉस्पिटल नव्या रायपूरला हललं. इथले रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या टपरीवर चहाला जायचं जिवावर येतं. आता नवं सॉफ्टवेअर येतंय आणि कंपनीवाल्यांची एकच अट आहे: जुन्या डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलचा, प्रत्येक कॉलमचा अर्थ लिहून द्या. ते काम माझ्या गळ्यात पडलं. डेटाबेस बांधलास तू, अर्थ लिहायचा मी. टेबलांची नावं काय, तर टी-एक, टी-दोन, टी-नवा, टी-नवा-दोन. वर्णनाची जागा सगळीकडे कोरी. तू ते बांधलंस तेव्हा राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, सगळ्यांना सगळं कालच हवं होतं, हे मान्य. पण कॉलमपुढे एक ओळ लिहिताना तुझा हात मोडत होता का? साहेब तुला हुशार पोट्टा म्हणायचे आणि तू फुगायचास. सगळं डोक्यात आहे, लिहायचं कशाला, असं ऐटीत सांगायचास. ते डोकं घेऊन तू पुण्याला निघून गेलास आणि इथे आम्ही अंदाज बांधत बसलो.

‘एसके’ हा कॉलम सिकलसेलचा, आईबापांकडून लेकरांत उतरणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचा, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. दोन म्हणजे आजार, एक म्हणजे वाहक, शून्य म्हणजे काही नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवर छापून मिळणारं कार्डही तेच सांगतं. वर्णन लिहिण्याआधी मी रक्ताच्या नमुन्यांच्या टेबलशी ताडून पाहिलं, तेव्हा खरा घोळ कळला. ज्यांचं रक्त कधी घेतलंच नाही, त्यांच्यापुढेही शून्य. जागा रिकामी राहिली की शून्य आपोआप पडावं, अशी सोय तू करून ठेवलीस. तपासून काही निघालं नाही तरी शून्य, आणि तपासलंच नाही तरी शून्य. आपल्याकडे पत्रिका बघत नाहीत, लग्न जमवताना हे कार्ड बघतात. शालिग्रामकाकांचा मुलगा या आजारानं गुडघे धरून कसा ओरडायचा, ते तू स्वतः पाहिलंयस. तुला कळायला हवं होतं.

टेबलमधल्या अगदी पहिल्या ओळी आठवतात? प्रोग्राम चालतो का बघायला तू घरच्यांची नावं टाकली होतीस. आई, देवीदासदादा, प्रेमलावहिनी, दादांची लहानगी मीनल. शेवटी माझं, तुझ्या आडनावासकट. मी शेजारी बसून हसत होते, आपलं ठरल्यातच जमा होतं. लॅबचं मशीन तेव्हा खोक्यातून निघालंही नव्हतं. मग तू पुण्याची नोकरी धरलीस, लग्न होणार नाही हे मला तुझ्या आईकरवी कळवलंस, आणि त्या ओळी तशाच राहिल्या. माझी ओळ मी परवा उडवली. बरं वाटलं.

मीनलची ओळ मात्र कामाला आली. तिचं अभनपूरला जमलंय. मुलगा वाहक आहे, त्यांनी लपवलं नाही. म्हणून दादांनी खिडकीवरून मीनलचं कार्ड काढलं, त्यावर तुझं शून्य आलं, आणि घरात पेढे वाटले गेले. पोरीच्या रक्ताचा थेंबही कुणी तपासलेला नाही, यशदीप. तीही वाहक निघाली तर त्यांच्या लेकरांच्या कार्डावर दोन येऊ शकतो.

मी बुढापाऱ्यात तुमच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “आता काहून आली तू? यशदीपनं लगन नाही केलं, त्याचा राग माह्या पोट्टीवर काढून राहिली काय?” मीनल म्हणाली, “आंटी, कार्ड पे तो लिखा है ना. अब दुबारा टेस्ट कराएँगे तो वो लोग क्या सोचेंगे?” डॉक्टर तिला लगेच तपासायला तयार आहेत, पण ती येत नाही. मुलाकडे जाऊन बोलले तर लग्न मोडेल, आणि मला ते मोडायचं नाहीये. दोघांनी कळून-सवरून काय ते ठरवावं, एवढंच. त्या घरात माझ्या शब्दाला किंमत उरली नाही, आणि ती कुणी घालवली हे मी सांगायला नको.

म्हणून लिहिलं. मला तुझी माफी नको, खुलासा नको, ख्यालीखुशालीही नको. एसकेपुढच्या कोऱ्या जागेत मी वर्णन लिहून टाकलंय: शून्य म्हणजे माहीत नाही, रक्त तपासून घ्या, शंका असल्यास हे ज्यानं बांधलं त्याला विचारा. त्यापुढे तुझं नाव आणि फोन नंबर. तोच मजकूर सोमवारी खिडकीवर चिकटवणार आहे. मग शून्यवाले सगळे तुला फोन करतील. त्याआधी एक फोन तू कर, दादांना. त्यांना सांग, ती ओळ मी गमतीत टाकली होती, मीनलला तपासायला घेऊन जा. तू अजून त्या घरातला हुशार पोट्टा आहेस, तुझं ऐकतील.

तुझी न झालेली,
चेतना