घर यांना, पण एका अटीवर

मी, खाली सही करणारी शिवणवाली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीला न घालता लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या मात्र बऱ्याच दिल्या.

कलम एक. शिलाई मशीन लेकीला. ते लोण्यासारखं चालतं, कारण मी रुसले की आमचे हे त्याला तेल घालतात. अख्ख्या गल्लीची कुलपं उघडून देणारा माणूस, पण स्वतःचं तोंड उघडेल तर शपथ! "मी तुम्हाला हवी आहे ना?" विचारलं की म्हणतात, "अगं, चहा गार होतोय."

लेक समुपदेशक आहे. ती म्हणते, "आई, आजी तुला न सांगता कामावर निघून जायची, म्हणून तू माणसाला घट्ट धरतेस. बाबा वसतिगृहात वाढले. काही मागितलं की हसं व्हायचं, म्हणून ते अंग चोरतात. तू पुढे सरकलीस की ते मागे." असेल बाई! पण मागे सरून सरून हे भिंतीला टेकले, त्याचं काय?

कलम दोन. कापडाची कात्री नणंदबाईंच्या हाती पडू नये. त्या तिने कागद कापतात.

कलम तीन. माझ्या नावावरचं राहतं घर यांना मिळावं, पण एका अटीवर. "तुझ्यावाचून माझं अडतं" असं यांनी वकिलांसमोर म्हणावं. खाकरणं धरलं जाणार नाही.

इथवर वकिलांना वाचून दाखवलं. साक्षीला म्हणून हे शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "बाई, घर यांना आणि साक्षीदारही हेच? वारसाने साक्ष द्यायची नसते. एक काय ते ठरवा." आता साक्षीला यांच्याशिवाय मला दुसरं कोण सुचणार?

हे उठले. मला वाटलं, निघाले! तर वकिलांचं पेन घेतलं.

"घर लेकीला लिही. मी साक्षीला राहतो."

"अहो, घर जाईल ना!"

"जाऊ दे. उद्या कोणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं होतं, तर? तू शुद्धीवर होतीस हे मी नाही सांगायचं तर कोणी?"

मला रडूच फुटलं. वकील म्हणाले, "कागद भिजवू नका."

सबब कलम तीन रद्द. घर लेकीला. तिने बाबांना शेवटपर्यंत तिथेच ठेवावं आणि त्यांना बोलतं करायच्या फंदात पडू नये.

ठिकाण: वकिलांचं ऑफिस
दिनांक: शिक्क्यावर आहे तो

सही: शिवणवाली

साक्षीदार एक: कुलूपवाला, हिचा नवरा. ही शुद्धीवर आहे. रडते आहे, ते वेगळं.

साक्षीदार दोन: वकिलांचा कारकून. दोघंही शुद्धीवर आहेत. दोघंही रडत आहेत.