चाराच्या जागी सात

२ एप्रिल
भुवनेश्वरीला लंडनची शिष्यवृत्ती मिळाली! सहा आठवडे. स्टाफरूममध्ये पेढे. मी दोन खाल्ले, वर 'अगं, मला खात्रीच होती' म्हणाले. पोटात नुसती आग — निदान इथे तरी खरं लिहावं.

विषय माझा! दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या भारत सरकारच्या कचेरीनं काय काम केलं — कैदेत पडलेल्या आपल्या शिपायांना डाळ, तूप, कणीक कशी धाडली, त्यांचे निरोप घरी कसे पोचवले. अकरा वर्षं याला चिकटून आहे आणि अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. ही एम.ए.ला असताना 'विषय सुचत नाही' म्हणून रडत आली होती. मीच वाटेला लावलं. दुसऱ्यानं शोधलेल्या कागदाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेसुद्धा मीच शिकवलं. वहीत उतरवून घ्यायची! गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

५ एप्रिल
वळसंगला बसम्माकडे पुन्हा जाऊन आले; गेल्या वर्षी मीच शोधून काढलेली म्हातारी. त्र्याऐंशी वर्षांची. वडील गुरुबसप्पा फौजेत लॉरी चालवायचे. ही पोटात असताना लढाईवर गेले, आफ्रिकेत पकडले गेले, इटलीतल्या छावणीत वारले. बापलेकीची भेटच नाही.

पत्र्याच्या डब्यात लंडनच्या कचेरीचं पत्र जपून ठेवलंय. बसम्माच्या आईच्या नावे. 'कैद्याची विनंती मिळाली. तिची पूर्तता केली आहे.' कसली विनंती, ते नाही. खाली कैदी क्रमांक.

बसम्मानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं — लिंगायतांत मूल जन्मलं की बांधतात ते. आई म्हणायची, बापानंच कैदेतून कळवलं की मूल झालंय, स्वामींकडून लिंग बांधून घ्या. चुलता मरेपर्यंत म्हणत राहिला — 'मीच बांधवलं. तुझ्या बापाला तू झाल्याचं ठाऊक बी नव्हतं.'

"बाई, अप्पाला मी ठाऊक होते का न्हाय, एवढंच बघून सांगा की. लई वर्सं झाली हो."

ती विनंती लंडनच्या फाईलमध्ये असणार. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. आणि जाणार कोण? भुवनेश्वरी!

९ एप्रिल
आली होती. नवी कोरी बॅग. बराच वेळ चहा ढवळत बसली. मग म्हणाली, "मॅडम, वळसंगच्या त्या कैद्याचा क्रमांक द्याल का मला?" मान खाली.

तिला फाईल मिळणार, तिचा लेख छापून येणार, बसम्माबरोबर तिचा फोटो येणार. मी? खाली बारीक अक्षरात आभार.

चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला. चाराच्या जागी सात. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली. वाकून नमस्कार केला.

१० एप्रिल
जेवण गोड लागलं. त्याचीच लाज वाटते.

२ मे
फोटो. लाल बस, दगडी इमारत, मधे भुवनेश्वरी दात काढून उभी. मी उलट बदामाचं चिन्ह पाठवलं. आमचे यजमान महेश्वर म्हणतात, "एवढी का धुमसतेस? तुझीच पोरगी की ती." माझी आहे म्हणूनच तर! परकी असती तर एवढं लागलं नसतं.

१४ मे
बसम्माचा फोन. "ती लंडनची पोरगी काय म्हणती? घावलं का काय?" हिला कसं कळलं? मी तर सांगितलं नव्हतं. गावात बातमीला काय वेळ लागतो म्हणा.

आवाज खोल गेलाय. दम लागतो म्हणे, परवा सलाईन लावलं.

१५ मे
खरा क्रमांक मेसेजमध्ये लिहिला. पुसला. परत लिहिला. पुसला. म्हातारीसाठी जीव तुटतो — हे खोटं नाही. पण भुवनेश्वरीच्या हातून कळायला नको, हेही खोटं नाही.

२२ मे
नाही पाठवला.

३० मे
पाठवला! संध्याकाळी, डोळे मिटून. 'घाईत एक आकडा चुकला होता, हा बरोबर आहे.' चुकला म्हणे! त्यातही खोटंच. असो, गेला एकदाचा. फाईल काढायला कितीसा वेळ लागतो? उद्यापर्यंत उत्तर येईल. बसम्माला फोन केला — "दोन दिवसांत सांगते." ती रडली. "द्येव भलं करो तुमचं," म्हणाली.

३१ मे
भुवनेश्वरीचं उत्तर. तसंच्या तसं उतरवते.

'मॅडम, विमानतळावर आहे. काल शेवटचा दिवस होता, तुमचा मेसेज आज पाहिला. बरोबर क्रमांक माझ्याकडे मार्चपासूनच होता. मी वळसंगला गेले होते, आजींनी पत्र दाखवलं. पण कागद तुमचा. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा हात लावू? म्हणून त्या दिवशी घरी आले. तुम्ही चाराच्या जागी सात लिहिलंत, तुमचा नकार मी समजले. ती फाईल मागवली नाही.'

बसम्माचे सकाळपासून दोन मिस्ड कॉल आहेत.