मामांच्या अंगणातला डोणा

बाबा, माजरीच्या खाणीवर कंत्राटात जाण्याआधीचे तुम्ही मला जास्त आठवता. तलावात जाळं टाकून झालं की मला खांद्यावर घेऊन गोंडटोल्यात मामांकडे जायचात. मामा नात्याचे नाहीत, तुमचे दोस्त. अंगणात मासे भाजत असतात, पळसाच्या पानाच्या डोण्यात मोहाची दारू येते. तुम्ही दोघं आधी चार थेंब जमिनीवर सांडता, गेलेल्या माणसांसाठी, मग पिता. एका डोण्यावर अख्खी संध्याकाळ निघते. मामी आतून ओरडते, "हे दोघं पिऊन नाई, बोलूनच झिंगतेत!"

खाणीवर पिणं बदललं. पाळी सुटली की गुत्त्यावर उभ्याउभ्या, कोणाशी न बोलता बाटली संपवायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजायचं. तुम्ही गेलात आणि आईने मला शपथ घातली, दारूला शिवायचं नाही. ती मी पाळत आलो.

तरी वरोऱ्याच्या कॉलेजात भांडलो ते त्या डोण्यासाठीच. सर सांगत होते, परदेशात जेवताना वाईन घेतात, ती तिथली संस्कृती. आपले जंगलातले लोक मात्र पिऊन पडून राहतात. माझं डोकं फिरलं. "त्याहीच्या गिलासले संस्कृती अन् आमच्या डोण्याले नशा? काऊन, सर?" वर्गाबाहेर काढलं, तो मी परत गेलोच नाही. कॉलेजचं काही वाटलं नाही. पण रोज बसमध्ये शेजारी बसणारी मामांची पोरगी दिसेना, तेव्हा जेवण जाईना.

शेवटी मामांकडे जाऊन सरळ तिला मागितलं. मामांनी ऐकून घेतलं, आत गेले, भरलेला डोणा पुढे धरला. त्यांच्यात तो घेतला तर सोयरीक झाली, नाकारला तर मोडली. मला ठाऊक होतं, तरी तोंडातून गेलं, "मले नोको. या दारूनंच बाबा गेले."

"माह्या अंगणात नाई गेला तो," मामा एवढंच म्हणाले.

ती कुडापाशी उभी होती. "कालेजात डोण्यासाठी भांडला, अन् इथी माह्या बापाच्या हातचा नोको म्हणून राह्यला?"

मी डोणा घेतला. तुमचं नाव घेतलं आणि सगळाच्या सगळा जमिनीवर ओतला.

मामा बघतच राहिले, मग पोट धरून हसायला लागले. "अरे, थेंब सांडाचे असते बेट्या! समदी त्यालेच पाजली!"

"मंग, मामा? होकार समजू?"

"मंग काय! त्यानं घेतली म्हणजे झालं."

प्यायलो नाही हे आईला सांगितलं, ती निवांत झाली. एक मात्र तिला सांगितलं नाही, ते तुम्हालाच सांगतो. ओतताना दारू बोटांना लागली होती. टोल्याबाहेर आल्यावर मी ती चाटली. तुमच्या सदऱ्याचा वास होता, बाबा. घरी येईपर्यंत हात धुतला नाही.