पाण्याचं माप

प्रिय बयो,

तू आतल्या खोलीत गणवेशाला इस्त्री करते आहेस आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, टपालाचा खर्च तरी वाचला. पण तोंडाने सांगायला गेले की मी वळसे घेते आणि तू घड्याळाकडे बघायला लागतेस. कागद मधे तोडत नाही. उद्या सकाळी दहाला तुझ्या पोरीची ती मूत्राशयात नळी घालून करायची तपासणी आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी आधी तिचं चित्र दाखवायला सांगितलं आणि मग पोट तपासलं. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये लघवी गळण्याचे असे त्रास जास्त दिसतात, असं नव्या अभ्यासांत आढळतंय म्हणाल्या. बद्धकोष्ठही बघावं लागतं. आणि हा कुणाचा गुन्हा नाही. त्यांनी दिलेली पुस्तिका मी चारदा वाचली. अडलेले शब्द कोशात बघितले. शाळा चौथीत सुटली तरी वाचायची खोड सुटली नाही, तुला माहीतच आहे. पण तू मात्र दवाखान्याच्या जिन्यात रडलीस. "मीच हिला खाऊ घालून फुगवली, आई," म्हणालीस. मी कठडा धरून गप्प उभी राहिले. ते गप्प राहणं मला आजवर पचलेलं नाही.

बाबांचं शेवटचं वर्ष आठव. रोज सकाळी त्यांना काट्यावर उभं करायचं. वजन चढलं म्हणजे अंगात पाणी साठलं, म्हणजे आज पाणी कमी. दिवसाला एक लिटर, त्या निळ्या दांड्याच्या मापाने. मी जेलरसारखी वागायचे. "बाईसाहेब, आंघोळीचं पाणीही मोजूनच ना?" असं ते चिडवायचे. शेवटच्या दुपारी त्यांनी पाणी मागितलं. त्या दिवसाचं माप संपलं होतं. मी ओल्या कापडाने ओठ पुसले, पाणी दिलं नाही. दोन तासांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरोबरच केलंत. असेल. मला अजून तहान लागली की आधी ते कापड आठवतं.

माप मात्र फळीवरच राहिलं, आणि ती सवय माझ्या हातात. पोरीचं वजन वाढायला लागलं, शाळेत स्कर्ट ओला व्हायला लागला, वर्गातल्या मुली तिला 'गळकी टाकी' म्हणायला लागल्या, तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, हे मला येतं. वजन चढलं, पाणी कमी. शाळेत जाताना तिची बाटली अर्धी ओतून टाकायची मी. घरी आल्यावर घोटभर. तिनेही तक्रार केली नाही. उलट म्हणाली, "आजी, आपण दोघी मिळून टाकी रिकामी ठेवू." पुस्तिकेत नेमकं उलटं लिहिलंय. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते, शौचाला खडा होतो आणि तो खडा मूत्राशयावर दाबतो. पोर मधल्या सुट्टीतही लघवीला जायची नाही, दाराबाहेर मुली हसतात म्हणून. ते मला माहीत होतं. तुला नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. बाईंनी तीन दिवसांचा तक्ता भरायला सांगितला होता: किती प्याली, कधी गेली, किती झाली. तुझी दिवसपाळी, म्हणून तो माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मोजलं आणि आकडे बघून मी घाबरले. वाटलं, तू विचारशील, एवढंसंच कसं प्याली? मग मी बसून तक्ता रचला. सहा पेले, दर दोन तासांनी. बाबांचा तक्ता वर्षभर एका थेंबानेही खोटा लिहिला नव्हता मी. बाईंनी हा बघितला आणि म्हणाल्या, पाणी नीट, वेळ नीट, तरी गळतंय, म्हणजे आत बघावंच लागेल. बयो, उद्याची नळी माझ्या आकड्यांमुळे आहे. शनिवार-रविवारी मी पुन्हा मोजलं, खरं, आणि तो कागद याला टाचला आहे. सकाळी आठला दवाखाना उघडतो. फोन कर, खोटा नि खरा दोन्ही कागद दाखव, मग बाई ठरवतील ते. पोरीला माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी वाद घालणार नाही. आज तिला भरलेला पेला दिला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, सगळा पिऊ का म्हणून.

तुझीच, उशिरा बोलणारी,
आई